चाराला विचारलं का?

ही गोष्ट २०४३ सालची. त्या वर्षी नागपुरात उन्हाळा फेब्रुवारीतच येऊन बसला होता, विद्यापीठाच्या गणित विभागाची जुनी दगडी इमारत पाडून तिथे पार्किंगचा मनोरा उभा राहिला होता, आणि मी शहात्तर वर्षांची होते. साल मुद्दाम सांगते. पुढे अहवालात, वर्तमानपत्रांत आणि एका सत्काराच्या भाषणातसुद्धा 'चाळीसच्या दशकातली एक तांत्रिक त्रुटी' असं मोघम बोललं गेलं. त्रुटी दशकाकडून होत नसते. ती एका वर्षी, एका खोलीत, एका माणसाच्या हातून होते.

मी नलिनी हरदास. त्याच पाडलेल्या इमारतीत आधी शिकले, मग निवृत्त होईपर्यंत शिकवलं. आम्हाला गटसिद्धान्त शिकवायला देवस्थळे सर होते. धोतर नेसून अमूर्त बीजगणित शिकवणारे ते बहुधा शेवटचेच. त्यांची एक पद्धत होती. फळ्यावर 'प्रत्येक मितीसाठी खरे' असं काही लिहून झालं की ते खडू हवेत धरून थांबायचे. वर्गानं विचारायचं, "सर, चाराला विचारलं का?" कोणी विचारलं नाही तर सर पुढे जातच नसत. एकदा आख्खा तास खडू धरून उभे राहिले होते. बाहेर संत्रेवाल्याची गाडी येऊन गेली, आमच्या पोटात कावळे ओरडू लागले, पण सर हलले नाहीत.

भूमितीत चार ही मिती खोडसाळ आहे. तिनात जे खरं असतं, पाचात खरं असतं, पन्नासात खरं असतं, ते चारात मोडू शकतं. म्हणून चाराला वेगळं विचारायचं. ही पद्धत मी माझ्या वर्गात पुढे चालवली. घरातही ती शिरली. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाच्या यायच्या, कोणी म्हणालं, "सगळ्यांना पन्हं आवडतं," की थोरली ओरडायची, "चाराला विचारलं का?" तिला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला ओरडायला आवडायचं.

ती थोरली सुनेत्रा. धाकटी ऋजुता. माझ्या बहिणीच्या मुली. त्रेचाळीस साली दोघीही शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, सलाईनच्या एका कारखान्यात नोकरीला होत्या. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ते आता बदललंय, आणि नव्या नावाचे वकील जुन्यांपेक्षा चपळ आहेत. सुनेत्रा रवानगी विभागात होती. नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायची. ऋजुता तपासणीच्या लॅबमध्ये होती आणि माझ्याकडे राहायची.

मार्चमधल्या एका दुपारी सुनेत्रा दारात उभी. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात प्रेशर कुकर.

"मावशी, सरक. हात भरून आलेत."

"कुकर कशाला आणलास? माझ्याकडे नाही का?"

"जे दिसलं ते उचललं. संध्याकाळच्या आत क्वार्टर खाली करा म्हणाले. पिल्लूला शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे पाठवलंय."

तिला कामावरून काढलं होतं. कागदावर कारण होतं 'बेशिस्त'. पण कागद हातात देताना तिथला अधिकारी म्हणाला होता, "मॅडम, आयोगापुढे बोललेला आवाज तुमचा आहे. आमच्याकडे पक्कं आहे. पोलीसही येतील, कागदपत्रं चोरल्याबद्दल."

आयोगाचं असं होतं. आदल्या वर्षी दोन तालुक्यांतल्या दवाखान्यांत सलाईन लावलेली लहान मुलं तापानं फणफणली होती. काही वाचली, काही गेली. सरकारनं निवृत्त न्यायमूर्तींचा एक आयोग नेमला. कारखान्यातले लोक घाबरून बोलेनात, म्हणून साक्षीसाठी यंत्र आणलं. यंत्राचं नाव 'अनामिका'. बंद खोलीत बसून त्याच्यापुढे बोलायचं. बाहेर शब्द तेच येतात, पण गळा तुमचा राहत नाही. कायद्याप्रमाणे त्या साक्षींची ध्वनिमुद्रणं दोन्ही बाजूंना मिळायची. घाबरायचं कारण नव्हतं, कारण पत्रकात ठळक छापलं होतं: 'गणिताने सिद्ध'.

"मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही गं!" सुनेत्रा सोफ्यावर बसून ओरडत होती. "ती जी कोण भवानी बोलली ना, तिनं माझ्या ताटात माती कालवली. सापडू दे मला एकदा."

ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. पेला पुढे येईना.

"अगं दे की पाणी," सुनेत्रा म्हणाली. "पुतळा झाला का तुझा?"

ती आंघोळीला गेल्यावर ऋजुता माझ्या खोलीत आली आणि दार लोटून म्हणाली, "मावशी, ती भवानी मी आहे."

मला बोलायला तिनं जागाच ठेवली नाही. भडाभडा सांगत सुटली. लॅबनं नापास केलेला माल, ज्यात जंतू वाढलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते, तो आठवड्याभरात नव्या लेबलांनिशी कारखान्याबाहेर जात होता. वरिष्ठांना सांगून झालं. शेवटी ती आयोगाकडे गेली.

"पण त्यांनी ताईला कसं धरलं? आवाज ओळखलाच असेल तर मला धरायला हवं होतं. नसेल ओळखला तर कोणालाच नको होतं. हे अर्धवट काय?"

अर्धवट हा शब्द तिनं सहज वापरला. माझ्या मात्र डोक्यात काहीतरी खुट्ट झालं.

"ते पत्रक आण."

पत्रकाच्या मागच्या बाजूला, कोणी वाचू नये अशा बारीक टायपात यंत्राची माहिती होती. मी भिंग घेऊन वाचली. वाचून झाल्यावर भिंग इतक्या जोरात टेबलावर आपटलं, की सुनेत्रा ओल्या केसांनी बाहेर आली.

"काय झालं?"

"गाढव आहेत," मी म्हणाले. "पदव्या घेतलेली गाढवं."

काय झालं होतं ते इथे सांगते. बीजगणित न शिकलेल्यालाही कळेल असं सांगते, कारण ते कळण्यासारखं आहे, आणि कळण्यासारखं होतं म्हणूनच मला राग आहे.

माणसाच्या आवाजाची ठेवण आकड्यांत लिहिता येते. प्रत्येक आकड्याला दोन अंगं असतात: एक सुराचा जोर सांगतं, दुसरं सुराची लाट कुठवर आली ते सांगतं. असे आकडे म्हणजे संमिश्र संख्या. अनामिका आवाजाचा प्रत्येक बारीक तुकडा अशा संख्यांच्या चौकटीत मांडायची, आणि ही चौकट म्हणजे एक फिरवणं असायचं. चेंडू फिरवला तरी चेंडूच राहतो, तसं काहीही न ताणता, न चेपता फिरवणं. अशा सगळ्या फिरवण्यांचा मिळून एक गट होतो. मग यंत्र गुप्तपणे दुसरं एक फिरवणं निवडून त्यात मिसळायचं, आणि मूळ आवाज हरवायचा.

हे गुप्त फिरवणं यायचं कुठून? एक बीज घ्यायचं, म्हणजे कुठलंही एक फिरवणं. ते शक्य तितक्या बाजूंनी पाहायचं. तेच फिरवणं उभं राहून पाहिलं तर एक दिसतं, आडवं होऊन पाहिलं तर दुसरं. ही सगळी रूपं एकमेकांत मिसळत जायचं. गट जर 'साधा' असेल, तर बीज कुठलंही घ्या, या मिसळण्यातून संपूर्ण गट हाती लागतो. बादलीत निळीचा एक थेंब टाकावा आणि ढवळल्यावर सगळं पाणी निळं व्हावं, तसं. गणितात साधा म्हणजे भोळा नव्हे. ज्याच्या पोटात दुसरी बंद खोली नाही, तो साधा. अशा बंद खोलीला नॉर्मल सबग्रुप म्हणतात: आतलं फिरवणं कुठल्याही बाजूनं पाहा, ते त्या खोलीतच सापडतं, बाहेर येत नाही.

तीन मितींत ही फिरवण्यांची बादली साधी आहे. पाचात आहे, सातात आहे. सहा, आठ अशा सम मितींत सगळी चिन्हं उलटी करणारं एक फिरवणं बाजूला निघतं, पण त्यानं आवाज लपवण्यात काही बिघडत नाही. चारात मात्र बादलीच्या मधोमध पडदा आहे. डावं पाणी वेगळं, उजवं वेगळं. बीज जर डाव्या बाजूचं निघालं, तर ढवळा किती ढवळायचं ते. उजव्या बाजूला निळीचा ठिपकासुद्धा जात नाही.

अनामिका चार मितींत चालत होती. आणि तिचं बीज चिपला सोपं जावं म्हणून नीटनेटकं निवडलं होतं. चारातली नीटनेटकी फिरवणी बहुधा एकाच बाजूची असतात. अर्धा आवाज उघडाच राहिला होता.

"उजव्या अर्ध्यात काय होतं?" ऋजुतानं विचारलं.

"घशाची, नाकाची, जबड्याची बांधणी असणार. बोलायची ढब डाव्यात. ती लपली."

ती पत्रक खाली ठेवत म्हणाली, "फाटकावर हजेरी आवाजानं लागते. नाव सांगून 'हजर' म्हणायचं. लॅबवाल्यांच्या तोंडावर मास्क, म्हणून आमची डोळे दाखवून."

म्हणजे कारखान्याकडे सुनेत्राचा आवाज होता आणि ऋजुताचा नव्हता. त्यांनी साक्षीतला अर्धा आवाज हजेरीतल्या आवाजांशी ताडून पाहिला, आणि त्यांना आईच्याच घशाची, आईच्याच नाकाची दुसरी मुलगी सापडली.

पत्रकाखाली यंत्र प्रमाणित करणाऱ्या तज्ज्ञाचं नाव होतं: डॉ. निरंजन भोंगाडे.

निरंजन माझा विद्यार्थी. वर्गात सगळ्यांत मोठ्यानं 'चाराला विचारलं का?' ओरडणारा. त्याच्या आवाजानं शेजारच्या संख्याशास्त्र विभागातून तक्रार यायची. पुढे अभ्यास मंडळाचा अध्यक्ष झाला आणि त्यानं अभ्यासक्रम 'हलका' केला. चार मितींच्या अपवादापुढे तीन शब्द घातले: 'परीक्षेसाठी आवश्यक नाही'. मी बैठकीत कडाडून विरोध केला होता. म्हणाले होते, आपल्याकडे जे परीक्षेला नाही ते जगातच नाही. सगळे हसले. निरंजन म्हणाला, "बाई, मुलांवर किती ओझं टाकायचं?" ठराव मंजूर झाला आणि चहा आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कार्यालयात गेले. काचेची खोली, गार हवा. उठून पाया पडला.

"बाई, फोन करायचा, मीच आलो असतो."

"पाया पडू नकोस. बस. अनामिका चारावर कोणी आणली?"

त्याचा चेहरा क्षणात उतरला. आडवातिडवा बोलला नाही, एवढं कबूल करते. "मी पाचावरच मांडली होती. चिप बनवणारे म्हणाले, चाराची चौकट तयार मिळते, पाचाची मुद्दाम बनवावी लागेल. मुलांनी फाईल आणली. तिनाच्या वरच्या सगळ्या मितींसाठी सिद्ध, असं लिहून आणलं होतं. सगळी आपल्याच विद्यापीठाची मुलं."

"आणि तू सही केलीस."

तो काचेबाहेर पाहत हळू म्हणाला, "तेव्हा वर्गातून कोणीतरी विचारायचं, बाई. त्या दिवशी कोणी विचारलंच नाही."

"ओरडणारा तूच होतास, निरंजन!"

बाहेरची माणसं वळून पाहू लागली. त्यानं पडदा ओढला. सुनेत्राचं काय झालं ते मी त्याला सांगितलं.

"सोमवारी आणखी बायका त्या यंत्रापुढे बसणार आहेत," मी म्हणाले. "थांबव."

"थांबवलं की कारण द्यावं लागेल. कारण दिलं की झालेल्या सगळ्या साक्षी लोक उघडायला धावतील. तुम्ही आयोगापुढे सिद्ध करून दाखवलंत, तर ते उघडायचं कसं हे शिकवल्यासारखंच आहे. आतापर्यंत कारखान्याच्या लोकांना अंदाजानं चाचपडत एकीचा माग लागलाय..."

"चुकीच्या एकीचा."

"...उद्या सगळ्यांचा लागेल. मला जूनपर्यंत द्या. गुपचूप पाचावर नेतो."

"आणि माझी भाची?"

"कोर्टात जाऊ दे तिला. सुटेल ती. तिनं तर काही केलंच नाही ना?"

मी उठले. दारापाशी तो म्हणाला, "बाई, माझ्या जागी तुम्ही असता तर?" मी दार ओढून घेतलं. पण रिक्षात बसल्यावर मला कळलं, की त्याची अडचण खोटी नव्हती. सिद्ध केलं तर बोललेल्या उघड्या पडतात. गप्प बसलं तर पुढे बोलणाऱ्या. एका हुशार माणसानं आळसात केलेली एक सही, आणि निवड करायची इतरांनी. मला तर त्या रिक्षावाल्याचाही राग येत होता, तो शीळ घालत होता म्हणून.

संध्याकाळी ऋजुतानं सुनेत्राला सांगितलं. मी थांबवलं नाही. कुकरची शिट्टी होत होती, सुनेत्रा कांदा चिरत होती.

"ताई, ती मी होते."

सुरी थांबली. "काय होतीस?"

"साक्ष मी दिली."

सुनेत्रानं सुरी नीट बाजूला ठेवली, हात पुसले आणि ऋजुताच्या थोबाडीत दिली. मग स्वतःच खाली बसली.

"दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचीस. वांग्याची भाजी चाटूनपुसून खायचीस. तेव्हा सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू बोलू दिलं असतंस?"

"काय काय सांगितलंस त्यांना?"

"नापास माल नव्या लेबलांनी जातो, हे."

"पाठवतो कोण, तेही?"

"विभागाचं नाव घेतलं. तुझं नाही."

"विभाग म्हणजे मीच ना गं!" सुनेत्रा किंचाळली, आणि मग एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्यातून मला कळलं. ऋजुतालाही कळलं.

"ताई," ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. गॅस कोणी बंद केला नाही.

"लेबलं फाटली, नवी लावा, असं वरून सांगायचे," सुनेत्रा भिंतीकडे बघत म्हणाली. "एवढी कशी फाटतात, असं मनात यायचं. मनात यायचं आणि जायचं. क्वार्टर होतं, पिल्लूची शाळा होती. जे मी कधी बोलले नाही, त्याच्यासाठी मला हाकललं. बघ काय गंमत आहे." ती हसली, पण ते हसू बघवेना. मग ऋजुताला म्हणाली, "तू आता तोंड उघडायचं नाही. माझी तर गेलीच. दोघींची कशाला?"

"पोलीस तुझ्याकडे येतील, ताई. चोरीचा आळ..."

"येऊ दे. चहा पाजेन."

सोमवारी मी आयोगापुढे अर्ज घेऊन उभी राहिले. न्यायमूर्ती उमाळे सावकाश बोलणारे, वऱ्हाडी वळणाचे गृहस्थ होते. एका बाजूला कारखान्याचे वकील, दुसऱ्या बाजूला सरकारी तज्ज्ञ म्हणून निरंजन. मागच्या बाकांवर मुलं गमावलेली माणसं, आणि त्यांच्यात माझ्या दोघी भाच्या, एकमेकींपासून लांब. शेजारच्या खोलीत साक्षीला आलेल्या बायका चेहरा झाकून बसल्या होत्या.

"हरदासबाई, तुमचा अर्ज वाचला," उमाळे म्हणाले. "अर्धाच कळला."

"त्या यंत्रातूनही अर्धंच सुटतं, साहेब."

ते हसले. "मग उरलेलं समजावून सांगा. यंत्र सदोष आहे म्हणता. पुरावा काय?"

कारखान्याचे वकील पुढे सरसावून बसले. त्यांच्याबरोबरच्या तरुणानं लिहायला घेतलं. मी जे दाखवीन ते टिपून, रात्रीपर्यंत सगळे आवाज उघडायची त्यांची तयारी होती. निरंजन माझ्याकडे विनवणीच्या नजरेनं पाहत होता.

मी पांढऱ्या फळ्यापाशी गेले. मार्कर घेतला आणि यंत्राच्या माहितीपत्रकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं: 'तीन व त्यावरील प्रत्येक मितीत, संमिश्र संख्यांवरील फिरवण्यांचा गट साधा असतो.' आणि मार्कर हवेत धरून थांबले.

"पुढे?" उमाळे म्हणाले.

मी हलले नाही. निरंजनकडे पाहत राहिले. त्याला काय करायचं आहे ते त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. एक प्रश्न. विचारला असता तर मला पुराव्याचं एक अक्षरही लिहावं लागलं नसतं. त्यानं फाईल उघडली. फाईल बंद केली. पाण्याचा घोट घेतला. माझा हात दुखायला लागला. म्हातारा हात तो. देवस्थळे सरांनी तास काढला होता, मी दिवस काढायला तयार होते. निरंजननं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"बाई, काही होतंय का तुम्हाला?" उमाळ्यांनी काळजीनं विचारलं. "कोणी खुर्ची द्या रे."

आणि मागच्या बाकावरून, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या त्याच आवाजात, सुनेत्रा ओरडली, "चाराला विचारलं का?"

सगळे वळले.

"कोण बोललं?" उमाळे म्हणाले. "आणि चार म्हणजे काय?"

"यंत्र चार मितींत चालतं, साहेब," मी म्हणाले. "प्रश्न मला नको, तज्ज्ञांना विचारा. हो किंवा नाही एवढंच. कसं आणि का ते विचारू नका."

उमाळे सावकाश बोलत असले तरी सावकाश समजणारे नव्हते. "डॉक्टर भोंगाडे, तो प्रश्न आता माझा समजा. चाराला विचारलं होतं का?"

निरंजन उभा राहिला. "नाही."

"विचारलं असतं तर?"

"तर... यंत्र वापरात आणता आलं नसतं."

"पुरे. आजपासून यंत्र बंद. दोन्ही पक्षांनी आधीची ध्वनिमुद्रणं इथे जमा करावीत."

तेवढ्यात कारखान्याचे वकील उठले. त्यांना आनंद आवरत नव्हता. "साहेब, याची नोंद व्हावी! म्हणजे आमच्या तंत्रज्ञांनी पटवलेली ओळख बरोबरच होती, हे सरकारी तज्ज्ञच मान्य करताहेत. आणि ती बाई आत्ता इथेच ओरडली!"

उमाळ्यांनी चष्मा काढला.

"कोणती ओळख, वकीलसाहेब? माझ्यापुढच्या कागदावर तर त्यांना बेशिस्तीसाठी काढलंय. साक्षीदार ओळखायचा प्रयत्न करणं गुन्हा आहे, हे पहिल्याच दिवशी तुमच्याकडून लिहून घेतलं होतं ना मी?"

वकील बसले. शेजारच्या तरुणानं लिहिलेला कागद हळूच चुरगाळला. मी ऋजुताकडे पाहिलं. ती उठत होती. ओठ हलत होते. आता ती 'मी' म्हणणार, हे मला दिसत होतं.

तिच्याआधी सुनेत्रा उठली होती. बहिणीकडे वळूनही न पाहता तिनं मागे हात केला, तळवा खाली, लहान मुलाला बसवतात तसा. ऋजुता बसली.

"साहेब, माझं नाव सुनेत्रा आष्टीकर. रवानगी विभाग. यांनी मला साक्षीदार ठरवलंच आहे, तर साक्ष देते. माझ्याच आवाजात. नापास खोक्यांवरची लेबलं माझ्या टेबलावर बदलली जायची. मी बदलून घ्यायचे. वरून सांगायचं कोण, त्याचंही नाव सांगते."

तिनं नाव सांगितलं. मागे बसलेल्या एका बाईनं, जिचा मुलगा गेला होता, मोठ्यानं शिवी घातली. ती सुनेत्रालाच होती. सुनेत्रानं मान हलवली आणि पुढे बोलत राहिली.

मार्कर अजून माझ्या हातातच होता.

त्यानंतर कोणाचं काय झालं ते सांगते.

शेजारच्या खोलीत थांबलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी त्या दिवशी न बोलता घरी गेल्या. दोघीतिघी राहिल्या आणि उघड्या तोंडानं बोलल्या. गेलेल्यांना मी दोष देत नाही. आधी दिलेल्या साक्षी जमा झाल्या. त्यांच्या नकला कोणी ठेवल्या होत्या का, हे कोणालाच सांगता येणार नाही. कारखान्याचे दोन व्यवस्थापक तुरुंगात गेले, मालक जामिनावर आहे, सलाईन नव्या नावानं विकलं जातं. न्यायमूर्ती उमाळे अहवाल दिल्यानंतर दोन वर्षांनी वारले. ती शिवी घालणारी बाई अजून दर वर्षी कारखान्याच्या फाटकासमोर मुलाचा फोटो घेऊन बसते.

निरंजननं पाच मितींची अनामिका बनवली. चांगली आहे, मी तपासली. त्यासाठी त्याचा सत्कार झाला, आणि तिथेच तो 'चाळीसच्या दशकातली तांत्रिक त्रुटी' असं म्हणाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. अभ्यासक्रमात चाराचा अपवाद परत आलाय, शेजारी फुली मारून: ऐच्छिक.

सुनेत्रावर खटला झाला. शिक्षा सौम्य झाली, पण नोकरी तिला पुन्हा मिळाली नाही. ती डबे पुरवते, त्याच कुकरवर सुरुवात केली. दोघी बहिणी दोन वर्षं बोलल्या नाहीत. पिल्लूचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ऋजुता पेढे घेऊन गेली. दार उघडल्यावर सुनेत्रा म्हणाली, "वांग्याची भाजी आहे. बसतेस?"

ऋजुता आता गडचिरोलीच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये असते. साक्ष तिची होती, हे आम्हा तिघींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक आजही ती सुनेत्राचीच समजतात. मागच्या महिन्यात मी तिला फोन करून विचारलं, की ही हकिगत लिहू का, आणि तुझ्या जागी दुसरं कुठलं नाव घालू.

"दुसरं कशाला?" ती म्हणाली. "साक्षीवरून ताईला तेव्हा कारखान्यातल्यांच्या दोन शिव्या जास्त बसल्या, त्या माझ्या होत्या. ऋजुता पुंडलिक बेलसरे. पूर्ण लिही."

लिहिलं आहे.